पुसलेली माणसं

आमच्या कॉलेजात तिला सगळे किल्लीताई म्हणायचे. वर्गांच्या, कपाटांच्या, छपाईच्या यंत्रखोलीच्या सगळ्या किल्ल्या तिच्या टेबलामागच्या फळीवर टांगलेल्या असत, आणि कुठली किल्ली कुणी नेली हे ती मान वर न करता सांगायची. छपाई आणि मांडणी शिकवणारं आमचं कॉलेज तसं लहानच. ऑफिसात आम्ही चार-पाच जणं. मी परीक्षा विभाग बघते आणि माझं टेबल तिच्या समोर होतं. त्यामुळे जे झालं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. घरातलं जे आहे ते तिनं मला डबा खाता खाता सांगितलं.

तिचं वय पंचेचाळिशीच्या आसपास. नवरा बस डेपोत मेकॅनिक. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. घरात तिसरं माणूस म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. या नणंदेचं आणि तिचं भांडण असं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. वन्सं राहायला आल्या त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी पाहुण्यांसमोर हिचा एक इंग्रजी उच्चार सुधारला होता. पाहुणे हसले. तेव्हापासून घरात हिनं इंग्रजी बोलणंच सोडलं, आणि नणंदेशी बोलणं गॅस संपत आलाय, दूधवाला येऊन गेला, एवढ्यावर आलं. नवरा दोघींच्या मध्ये बसून मुकाट्यानं जेवायचा.

कॉलेजात एक सर्व्हर होता आणि तो सांभाळणारे एक सर होते. त्यांना आम्ही सर्व्हरवाले सरच म्हणायचो. सर्व्हरवर एक डिरेक्टरी असते. कॉलेजातला प्रत्येक माणूस, प्रत्येक कॉम्प्युटर, कोण कुठल्या गटात, कुणाला कुठलं फोल्डर उघडता येईल, हे सगळं तिच्यात नोंदलेलं. विद्यार्थ्यानं सकाळी वर्गात येऊन पासवर्ड टाकला की तो वर्गातला कॉम्प्युटर आधी या डिरेक्टरीला विचारतो, हा आपला आहे का. ती हो म्हणाली तरच पुढचं दार उघडतं. नव्या प्रवेशांच्या वेळी सरांना मदत लागायची, तेव्हा किल्लीताई त्यांच्या शेजारी बसून नवीन खाती बनवायची. सर सांगतील तिथे क्लिक करायचं, एवढंच.

मग सरांना दुसरीकडे चांगली नोकरी लागली आणि ते गेले. त्यांच्या जागेची जाहिरात दिली. जे आले त्यांना आमचा पगार पटला नाही. प्राचार्यांनी किल्लीताईला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की माणूस मिळेपर्यंत तुम्ही जरा बघा. ते 'जरा' तिच्या गळ्यात कायमचं पडणार हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिलाही बरंच वाटलं असणार. विसरलेले पासवर्ड बदलून देणं, नव्या शिक्षकांची खाती उघडणं हे तिला जमत होतं. लोक किल्लीसाठी यायचे तसे आता पासवर्डसाठी यायचे.

दुसरं सत्र सुरू झालं आणि तिनं साफसफाई काढली. डिरेक्टरीत वर्षांच्या नावांची फोल्डरं होती. पास होऊन गेलेल्यांची खाती उगाच कशाला ठेवायची, म्हणून जुन्या सालाचं एक फोल्डर तिनं निवडलं आणि पुसायला सांगितलं. आतलं सगळं जाईल, चालेल का, असं मशीननं विचारलं. तिनं हो म्हटलं. मला ते आठवतं, कारण पुसून झाल्यावर हात झटकत ती मला म्हणाली होती की एक अडगळ कमी झाली.

जेवणाच्या सुट्टीनंतर शेवटच्या वर्षाची मुलं ऑफिसच्या दारात जमली. कुणालाच आत शिरता येईना. मग त्यांना मार्गदर्शन करणारे बाहेरून येणारे शिक्षक आले. त्यांचंही तेच. फोल्डरला नाव दिलेलं साल प्रवेशाचं होतं, पास होण्याचं नव्हतं. तिनं पुसलेली मुलं अजून आमच्याकडेच शिकत होती, आणि सरांनी सोयीसाठी त्या शिक्षकांनाही त्याच फोल्डरात ठेवलेलं होतं. मुलांचे प्रकल्प जमा करायची तारीख तोंडावर आली होती.

 किल्लीताईनं गडबडून न जाता एका मुलीचं खातं त्याच नावानं पुन्हा बनवून पाहिलं. मुलगी आत शिरली, पण तिचं स्वतःचं फोल्डर काही उघडेना. फोल्डर दिसत होतं, प्रकल्प आत तसाच होता, पण हात लावू देत नव्हता.

मग तिनं सर्व्हरवाल्या सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरं ते सांगितलं. रोजची बॅकअपची सोय मी लावून ठेवलेली आहे, ती चालू असेल. पण बॅकअपमधून माणसं परत कशी आणायची ते मी स्वतः कधी केलेलं नाही, वेळच आली नाही. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की ताई, मी आता दुसऱ्यांच्या नोकरीत आहे, इथे बसून तुमचं काम करता येणार नाही. तिसऱ्यांदा तिनं लावलाच नाही.

ती उठून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. मी मागोमाग गेले, कारण गुण भरायचं कामही अडलं होतं. मला वाटलं ती मशीन बिघडलं असं काहीतरी सांगेल. ती उभ्या उभ्या म्हणाली, "सर, मशीन बिघडलेलं नाही. मी चुकीचं फोल्डर पुसलं."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की सर्व्हरच्या कंपनीशी मदतीचा करार असतो ना. आणि स्वतःच पुढे म्हणाले की त्याचं यंदा मी नूतनीकरण केलं नाही, गरज काय म्हणून. 

करार नसला तरी तिनं कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडे एक बाई होती. कराराचा नंबर नाही म्हटल्यावर तिनं नियमाप्रमाणे सांगितलं की तक्रार नोंदवता येणार नाही. मग विचारलं की तुम्ही हे काम कुठे शिकलात. किल्लीताई म्हणाली, शिकलेच नाही. त्यावर त्या बाईनं कुठलीही घाई न करता तिला सांगितलं की आमच्याच वेबसाइटवर सगळी माहितीपुस्तकं फुकट आहेत, नवशिक्यांसाठी धडे आहेत, आणि एक चर्चामंच आहे जिथे हेच काम करणारे लोक एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. शिवाय काही शहरांत या लोकांचे गट महिन्यातून एकदा भेटतात, तुमच्या जवळ आहे का बघा. कुठल्या पानावर काय आहे ते तिनं अक्षर न् अक्षर सांगितलं. किल्लीताई लिहून घेत होती आणि मध्ये मध्ये नुसतं हं हं करत होती.

त्या संध्याकाळी तिनं मंचावर प्रश्न टाकला. इंग्रजीत लिहायचं म्हणजे तिला घाम फुटला. तीन ओळींचा प्रश्न, मथितार्थ असा की काहीच चालत नाही, कृपया मदत करा. तासाभरात उत्तर आलं. लिहिणाऱ्यानं आपलं टोपणनाव 'जुना खिळा' असं ठेवलं होतं. उत्तर कोरडं होतं. काहीच म्हणजे काय. कुठली आवृत्ती. शेवटचं चाललं कधी. त्याच्या आधी तुम्ही काय केलंत.

तिला ते फार लागलं. घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं की जाणते लोक असेच, समोरच्याला वेड्यात काढतात. नवरा हात धूत होता. तो म्हणाला, "डेपोत ड्रायव्हर येऊन सांगतो, गाडी चालत नाही. मी पण हेच विचारतो. त्यात त्याला हिणवायचं नसतं, मला गाडीखाली शिरायचं असतं."

तिनं दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी सगळं सविस्तर, आपण काय पुसलं तेही, आणि त्या मुलीचं खातं पुन्हा बनवून पाहिलं तेही. जुन्या खिळ्याचं या वेळचं उत्तर लांबलचक आलं. नाव तेच असलं तरी डिरेक्टरीच्या लेखी तो माणूस नवा असतो, कारण प्रत्येक खात्याला आतून एक नंबर असतो आणि हक्क त्या नंबराला चिकटलेले असतात. म्हणून आता एकही खातं नव्यानं बनवू नका, ते बनवलेलंही काढून टाका. बॅकअप असेल तर मूळ माणसं परत येतील. त्यासाठी सर्व्हर एका वेगळ्या अवस्थेत सुरू करावा लागतो आणि त्या अवस्थेचा पासवर्ड वेगळा असतो, तो माहीत नसेल तर मशीन चालू आहे तोवर नवीन ठरवून घ्या. शेवटी त्यानं लिहिलं होतं, हे पहिल्यांदा खऱ्या सर्व्हरवर करू नका. एखाद्या जुन्या मशीनवर खोटी डिरेक्टरी बनवा, त्यातलं कुणीतरी पुसा आणि परत आणून दाखवा. मग खऱ्याकडे वळा.

प्राचार्यांना ते पटेना. त्यांच्या मागे पालकांचे फोन लागले होते. ते म्हणाले आजच करून टाका. किल्लीताईनं मान हलवली. "आज केलं तर आहे तेही घालवीन सर. मला थोडे दिवस द्या. रविवारी करते." प्राचार्यांना उलट उत्तर देताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी प्रकल्पांची तारीख पुढे ढकलली आणि तशी सूचना फळ्यावर लावायला मला सांगितलं.

भांडारखोलीत टाकून दिलेले कॉम्प्युटर होते. त्यातला एक तिनं धूळ झटकून सुरू केला आणि माहितीपुस्तकातलं पान उघडून बसली. चार खोल्या पलीकडून मला तिच्या खुर्चीचा आवाज यायचा. एक दिवस नुसतं सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी खोटी डिरेक्टरी उभी राहिली. त्यात माणसं हवीत म्हणून तिनं घरच्यांनाच घातलं. नवरा, मुलगी, नणंद, दोघं दीर. नणंदेला एका गटात टाकलं, पुसलं, आणि परत आणायला निघाली. नणंद आलीच नाही. कुठेतरी एक पायरी गाळली गेली होती. मंचावर विचारलं, उत्तर आलं, पुन्हा केलं. संध्याकाळी नणंद परत आली.

त्या रात्री जेवताना, काय बोलावं ते न सुचून म्हणा की थकव्यानं म्हणा, ती म्हणाली, "वन्सं, आज मी तुम्हाला दोनदा पुसलं आणि एकदा परत आणलं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. तिनं मग सगळं समजावून सांगितलं, खोटी डिरेक्टरी, खोटी माणसं. नणंद आमटी वाढून घेत होत्या. त्यांनी पळी ठेवली आणि विचारलं, "परत आले ती तशीच आले का? होते तशी?"

"नाव तेच, नंबर तोच. पण कुठल्या गटात होतात ते विसरून आलात. ते मला हातानं भरावं लागलं."

नणंद हसल्या. नवरा म्हणतो की इतक्या दिवसांत आक्काला, म्हणजे बहिणीला, जेवताना हसलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, ते पुस्तक इंग्रजीत आहे ना, दाखव बघू. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण वाक्यात काय म्हटलंय ते मला कळतं. गाळलेली पायरी एका 'तोपर्यंत' या शब्दात लपलेली होती. किल्लीताईनं तो 'त्यानंतर' असा वाचला होता. नणंदेनं तो शब्द दाखवला, पण सुधारल्यासारखा नाही. म्हणाल्या की वाक्यच घाणेरडं लिहिलंय, माझ्या वर्गात असतं तर लाल पेनानं खोडलं असतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं कॉलेजात गेलो, ती, प्राचार्य आणि मी. मला बोलावलं होतं ते परत आलेली खाती माझ्या यादीशी ताडून बघायला. ती सर्व्हरच्या खोलीत स्टुलावर बसली. एकेक आज्ञा टाइप करायची, बोट ठेवून परत वाचायची, मगच पुढे. मध्येच पडद्यावर बराच वेळ काहीच हललं नाही. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, अडकलं का. ती म्हणाली नाही, एवढा वेळ लागतो. 

सर्व्हर पुन्हा सुरू झाला. तिनं फोल्डर उघडलं तेव्हा नावं ओळीनं उभी होती. मी ताडून पाहिली, सगळी होती. मग त्या मुलीचं खातं उघडून पाहिलं. प्रकल्प उघडला. प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले मी खाली जाऊन चहा सांगतो. ती तिथेच स्टुलावर बसून राहिली. मी खांद्यावर हात ठेवला तर म्हणाली, गट अजून भरायचे आहेत. ते काम पुढचा आख्खा आठवडा चाललं. एका शिक्षकांना दुसऱ्याच वर्गाचे गुण दिसायला लागले तेही मध्येच निस्तरावं लागलं.

एवढ्यावर हे संपलं असतं, पण ती प्राचार्यांकडे परत गेली. म्हणाली की हे काम माझ्याकडे ठेवायचं तर मला शिकू द्या, नाहीतर काढून घ्या. प्राचार्यांनी कराराचं नूतनीकरण केलं. प्रशिक्षणाचा वर्ग मात्र परगावी होता, निवासी, आणि तेव्हाच नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं. तिला जाता आलं नाही. मग वेबसाइटवरचे फुकटचे धडेच तिनं धरले. व्हिडिओतला माणूस इतकं भराभर बोलायचा की सगळं तिच्या डोक्यावरून जायचं. म्हणून ती लिखित पानंच वाचायची. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकीकडे मटार सोलणं आणि एकीकडे धडा. नणंद मोठ्यानं वाचायच्या, ती अर्थ सांगायची. नणंदेचे प्रश्न भारी असत. डिरेक्टरींच्या समूहाला त्या भाषेत जंगल म्हणतात आणि आत झाडं, फांद्या. वन्संनी विचारलं की तू सर्व्हर शिकतेयस की माळीकाम. मग एक धडा आला विश्वासावर. दोन डिरेक्टरी एकमेकींवर विश्वास ठेवतात, तो एकतर्फी असतो किंवा दोन्ही बाजूंनी, आणि तो कुणीतरी मुद्दाम जोडून द्यावा लागतो. वन्सं म्हणाल्या, हे तरी मला समजावून सांगायला नको.

हेल्पलाइनवरच्या बाईनं सांगितलेल्या गटाच्या बैठकीला ती पहिल्यांदा गेली तेव्हा जाताना मला म्हणाली की तिथे सगळे पोरसवदा असतील, मी काय करणार. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, दहाएक माणसं. एका हॉस्पिटलचा सर्व्हर सांभाळणारे एक गृहस्थ होते, तिच्याहून मोठे. त्यांनी हिचा किस्सा ऐकून घेतला आणि आपला सांगितला. त्यांनी एकदा एका वॉर्डातल्या सगळ्या नर्सना कामाच्या दिवशी बाहेर काढलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाकडे असा एकेक किस्सा निघाला. ती घरी आली ती हसतच. त्या गृहस्थांनी तिला काही गोष्टी सांगितल्या: पुसलेलं परत मिळावं अशी एक सोय असते ती आधीच चालू करून ठेव, आणि बॅकअप नुसता घेऊ नकोस, अधूनमधून परत आणून बघ. ते तिनं दुसऱ्याच दिवशी केलं.

धडे संपले की कंपनीच्या प्रमाणपत्राची परीक्षा असते, तिला ती बसली आणि नापास झाली. थोडक्यात नव्हे, चांगलीच.  राग आला तो नणंदेला. प्रश्नच संदिग्ध होते म्हणून त्यांनी परीक्षा घेणाऱ्यांना इंग्रजीत एक खरमरीत मेल पाठवला, त्याचं उत्तर काही आलं नाही. दुसऱ्या वेळी ती पास झाली, काठावर. ऑफिसात तिनं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते तिच्या नवऱ्याकडून, तो पेढे घेऊन आला तेव्हा.

पुढच्या वर्षी कॉलेजला सर्व्हर सांभाळणारा खरा प्रशासक मिळाला. शिकलेला, तरुण, कामाचा. आदेश निघाला तेव्हा किल्लीताई त्यावर आपलं नाव शोधत होती. ते होतं, पण खाली, सहायक म्हणून. तिला वाईट वाटलं, हे तिनं लपवलं नाही. म्हणाली की सगळं निस्तरलं मी, आणि खुर्ची त्याला. दोन दिवसांनी तीच म्हणाली की एक बरं झालं, आता सुट्टीत फोन आला तर दचकायला होत नाही. नवीन सरांना तिच्यापेक्षा कितीतरी जास्त येत होतं आणि ते शिकवायला कंटाळत नव्हते. त्यांनी पहिल्याच महिन्यात फोल्डरांची नावं बदलून टाकली, साल कशाचं ते स्पष्ट लिहिलं. ती म्हणाली, हे आधी कुणी केलं असतं तर मी काहीच शिकले नसते. यावर नवीन सरांना हसावं की नाही ते कळेना.

मंचावर ती अजून असते. जुना खिळा कोण ते तिला कळलं नाही. मध्ये काही महिने त्याची उत्तरं येणं थांबलं तेव्हा ती बेचैन होती, मग एक दिवस तो परत दिसला, एका नवशिक्याला तशाच कोरड्या भाषेत प्रश्न विचारताना. तीही आता सोप्या प्रश्नांना उत्तरं देते. इंग्रजी अजून अडखळतंच, पण पाठवण्याआधी कुणाला दाखवत नाही.

गेल्या महिन्यात वाचनालयातल्या त्या गटानं तिला बोलायला सांगितलं. विषय तिनंच निवडला, पहिल्यांदा बॅकअपमधून परत आणताना काय काय चुकतं. मीही गेले होते. नणंद मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि अर्ध्यातच त्यांना डुलकी लागली. ती साध्या मराठीत बोलली, कागद न बघता. शेवटी एकानं विचारलं की दोन सर्व्हर असतील आणि एकावर पुसलेलं दुसऱ्यावर पोचायच्या आत पकडलं, तर काय करायचं. तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं की मला माहीत नाही, आमच्याकडे एकच आहे. तुमचा नंबर द्या, शोधून कळवते. त्या माणसानं नंबर दिला. हॉस्पिटलवाल्या गृहस्थांनी खुर्च्या रचायला सुरुवात केली, आणि ती वन्संना उठवायला मागे गेली.